गावचा माणूस

१२ डिसेंबर २०२१

ताई,

काल फोनवर आई तुला "सगळं बरं आहे" म्हणाली तेव्हा मी बाजूलाच होते. फोन स्पीकरवर होता, बाबा समोर बसले होते, म्हणून मीही "हो, बरं आहे" म्हटलं. पण तू विचारलंस ना, "निशी, तुझा आवाज असा काऊन येऊन राह्यला?" त्यावर मी सर्दीचं निमित्त सांगितलं. तुमच्या हॉस्टेलच्या बाई फोन अर्धाच तास हातात देतात. पत्र तरी पूर्ण वाचू देतील.

एसटीचा संप सुरू होऊन दीड महिना होत आला. बाबा रोज सकाळी अंघोळ करून, भांग पाडून डेपोसमोरच्या मंडपात जाऊन बसतात. जाताना गल्लीतले विचारतात, "शेषराव, कधी चालू होते मंग गाड्या?" बाबा म्हणतात, "होईन आता चार-आठ दिवसांत." पहिल्या आठवड्यातही ते असंच म्हणाले होते. आता लोक विचारत नाहीत, फक्त पाहतात.

पगार नाही. दूध बंद केलंय, आणि कोऱ्या चहानं डोकं दुखत नाही असं आई म्हणते. सिलिंडर संपलं ते आणलं नाही, चुलीवरच सगळं. आई रामराव काकांच्या वावरात कापूस वेचायला जाते. तू फोन करतेस तेव्हा ती नुकतीच आलेली असते, बोंडांनी हात ओरबाडलेले असतात. मला तिनं बजावलंय, "पुष्पीले सांगशीन तर पाह्य. शिकणं सोडून येईन ते."

दर रविवारी बाबा खाकी शर्टाला इस्त्री करतात आणि परत खुंटीला टांगतात. परवा दारात मी आणि आई एकमेकींच्या आड आलो, तर बाबा आतून कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "चला, आत सरका, आत जागा हाय." आई हसली, मी हसले, बाबाही हसले. मग बाबांची नजर खुंटीकडं गेली.

मी शाळेसाठी धाड गावाला पायी जाते. चार किलोमीटर म्हणजे काही फार नाही. राबिया असतेच वर्गात, कापड दुकानवाल्या वाहेद चाचांची. यंदा राखी म्हणून एक नवीन मुलगी आलीय. तिचे बाबा बँकेत साहेब आहेत. तिनं विचारलं, तुझे बाबा काय करतात? मी म्हटलं, एसटीत आहेत. ती म्हणाली, "ऑफिसमध्ये?" मी "हं" म्हटलं. राबियानं माझ्याकडं पाहिलं आणि वहीत डोकं खुपसलं.

तुला हे का सांगितलं माहीत नाही. आईला सांगू नकोस.

तुझी निशी


२६ डिसेंबर २०२१
अकोला

निशे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आईला काहीही बोलणार नाही, शपथ. शिक्षणही सोडणार नाही. आई कापूस वेचायला जाते आणि मी इथं मेसची भाजी आवडत नाही म्हणून ताट सरकवते, याचं काय करावं ते कळत नाही. परवापासून ताट सरकवलं नाही, एवढंच.

राखीला "हं" म्हटलंस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. शाळेत असं होतं. सगळ्यांनाच सगळं सांगायला हवं असं थोडंच आहे?

एक सांगायचं आहे, पण तुझ्यापुरतं ठेव. पाच मार्चला आमचा नर्सिंगच्या शपथेचा कार्यक्रम आहे. पांढऱ्या गणवेशात हातात दिवा घेऊन रुग्णसेवेची शपथ घ्यायची. कॉलेजनं पालकांना बोलावलंय. पण घरी अजिबात बोलू नकोस. गाड्या बंद, बाबा येतील कशानं? जीप करा, खामगावला उतरा, परत दुसरी जीप पाहा. उगीच खर्चात पडतील. माझ्या खोलीतली संघमित्रा इथलीच आहे, तिचे आई-बाबा येणार आहेत. मी त्यांच्यासोबत उभी राहीन.

तू अभ्यास कर. थंडी फार आहे, माझा लाल स्वेटर पेटीत आहे, तो घाल.

ताई


२० फेब्रुवारी २०२२

ताई,

हे पत्र तू वाचून फाडून टाक.

संक्रांतीनंतर बाबांनी मंडपात जाणं बंद केलं. ते पहाटे रामराव काकांच्या मळ्यातून मेथी, कोथिंबीर, वांगी घेतात आणि सायकलवर लादून बाजाराला नेतात. एक दिवस बुलढाण्याला, एक दिवस आणखी कुठं, आणि धाडच्या बाजाराच्या दिवशी धाडला. वाहेद चाचांनी दुकानापुढं सावलीत जागा दिलीय. तुला फोनवर बाबा "ड्युटीचं पाहून राह्यलो" म्हणतात ते हे.

मला माहीत होतं ते कुठं बसतात. म्हणून मी बाजाराच्या दिवशी मागच्या गल्लीनं निघून यायची. पण या बाजारी राखीला रिबिनी घ्यायच्या होत्या आणि ती आम्हाला ओढतच घेऊन गेली. राबिया म्हणाली, "इधरसे नको ना, लई गर्दी हाय, तिकडून जाऊ." राखीनं ऐकलं नाही.

बाबा पोत्यावर बसले होते. डोक्याला रुमाल, अंगात तो विटका तपकिरी स्वेटर. मेथीवर पाणी शिंपडत होते. त्यांनी वर पाहिलं, मी दिसले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला ताई, जसा मी लहानपणी त्यांच्या गाडीत चढायची तेव्हा खुलायचा. माझं नाव त्यांच्या तोंडात आलंच होतं.

मी बांगड्यांच्या दुकानाकडं पाहायला लागले.

राखी म्हणाली, "किती ताजी मेथी! आईनं आणायला सांगितलीच होती." आणि तिथंच उकिडवी बसली. "काका, कशी दिली?"

बाबांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग तिला म्हणाले, "घ्या ताई, सकाळीच उपटली." तिनं चार जुड्या घेतल्या, पैसे काढायला दप्तर उघडलं आणि म्हणाली, "निशी, तू धर ना जरा." मी हात पुढं केले. बाबांनी जुड्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "नीट धरा ताई. माती लागन कपड्याले."

मला ताई म्हणाले. धरा म्हणाले. माझ्या बाबांनी मला अहो-जाहो केलं.

पुढं गेल्यावर राखीनं विचारलं, "ते भाजीवाले तुझ्याकडंच पाहत होते. ओळखीचे आहेत का?" मी म्हटलं, "गावचे असतील कोणी."  राबियाच्या तर दुकानाच्या ओट्यापुढंच ते दर बाजारी बसणारे, तिला काय माहीत नाही? रिबीन न घेताच ती घरी गेली.

संध्याकाळी बाबा आले. हातपाय धुतले, जेवायला बसले. मला वाटलं आता बोलतील, मला मारतील तरी. आईनं विचारलं, "निशीची शाळा सुटल्यावर भेट झाली का बजारात?" बाबा म्हणाले, "नाही वं. गर्दी होती." आणि मला म्हणाले, "भाकर घे अजून."

 ताई, मी काय करू? सॉरी म्हणू का? सॉरी म्हटलं तर आईला कळेल. आणि बाबा पुन्हा माझ्यासमोर ते सगळं ऐकून घेतील, ते मला पाहवणार नाही.

निशी


१० मार्च २०२२
अकोला

प्रिय निशी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. कार्यक्रमाची फार धावपळ होती.

तू लिहिलंस ते वाचलं. तू अजून लहान आहेस गं. बाबा समजूतदार आहेत, त्यांनी मनावर घेतलं नसेल. विसरलेही असतील. तू त्यांचा चहा करून देत जा, पाय दाबून देत जा, झालं. जास्त विचार करू नकोस.

कार्यक्रम छान झाला. आम्ही पन्नास जणी होतो. हॉलमधले दिवे मालवले आणि सगळ्यांच्या हातातले दिवे एकदम लागले तेव्हा मागं बसलेल्या बायकांनी डोळे पुसले. फोटो आले की पाठवीन.

आणि हो, त्या दिवशी गेटवर कोणीतरी माझ्या नावानं डबा ठेवून गेलं. वॉचमन म्हणाला, "तुमच्या गावचा माणूस आला होता, थांबला नाही." गुळाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. संघमित्रानं अर्ध्या एकटीनं खाल्ल्या. आईनं कोणासोबत पाठवल्या होत्या? डबा पोचला म्हणून सांग.

परीक्षा जवळ आली ना? गणिताकडं लक्ष दे.

तुझी ताई


१७ मार्च २०२२

ताई,

ते बाबा होते.

मीच त्यांना तारीख सांगितली. तू नको म्हणाली होतीस तरी. बाजाराच्या त्या दिवसापासून मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. म्हणून एक दिवस ते सायकलची चेन बसवत होते तेव्हा म्हटलं, "बाबा, पाच तारखेला ताईचा कार्यक्रम आहे, पालकांना बोलावलंय." ते हात पुसत उभे राहिले. म्हणाले, "तिनं नाही सांगितलं." मी म्हटलं, गाड्या बंद आहेत ना, म्हणून. तेव्हा ते हसले. "मले शिकवते का रस्ता? उभ्या जिल्ह्यात तिकिटं फाडली म्या."

आईनं आदल्या दिवशी हरभरा सोंगून आल्यावर दशम्या केल्या. बाबा उजाडायच्या आत निघाले. बुलढाण्यापर्यंत जीप, पुढं एक कांद्याची गाडी, मग आणखी एक जीप. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. आईनं पाणी दिलं आणि विचारलं, "कशी दिसत होती?"

बाबा म्हणाले, "लई पोरी होत्या. समद्या पांढऱ्या कपड्यात. आपली पुष्पी डावीकडून चौथी."

"बोल्ली का मंग?"

"गर्दी होती वं," बाबा म्हणाले.

ताई, बाबांची गर्दी म्हणजे काय ते मला माहीत आहे.

ते तुझ्यापर्यंत आलेच नाहीत, ते माझ्यामुळं. त्यांना वाटलं असेल, एकीला लाज वाटते तर दुसरीलाही वाटत असेल. बाजारात मी जे केलं त्यानं ते शिकले. तू तिथं एकटी उभी राहिलीस, दुसऱ्याच्या आई-बाबांसोबत, आणि बाबा गेटवरून परत आले. तुझं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. आता तू तरी मला लहान आहेस म्हणून सोडू नकोस.

निशी


२५ मार्च २०२२
अकोला

निशी,

तुझं पत्र आल्यापासून मी झोपून उठते आहे, वर्गात जाते आहे, पण माझं लक्ष कशातच नाही. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. आता खरं लिहिते.

मी त्यांना पाहिलं होतं.

पहिल्या महिन्यात इथं सगळ्या जणी एकमेकींना विचारत होत्या, वडील काय करतात. मी म्हटलं, एसटीत मोठे साहेब आहेत. का म्हटलं, ते मलाही सांगता येणार नाही. संघमित्राचे वडील धान्याच्या बाजारात हमाली करतात. तिनं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मी तिच्याच शेजारी बसून माझं सांगितलं. एकदा सांगितलं की मग ते वाढतच जातं. म्हणून तुला म्हटलं, घरी बोलू नकोस. जिपेच्या खर्चाचं निमित्त होतं. ते आले तर माझं उघडं पडेल, ही भीती होती.

शपथ झाली. फोटोसाठी पालकांना पुढं बोलावलं. मी संघमित्राच्या आई-वडिलांजवळ उभी होते. हॉलच्या दाराशी बाबा दिसले. तोच तपकिरी स्वेटर, हातात कापडी पिशवी. त्यांनी हात वर केला, अर्धाच. संघमित्राच्या आईनं मला विचारलं, "ते कोण हात करून राह्यले वं?"

मी म्हटलं, "गावचे आहेत."

तुझंच वाक्य, निशी. तुझं ते पत्र माझ्या उशीखाली होतं. ते वाचून मी रडले होते, आणि तरी मी तेच बोलले. हॉल लहान आहे. दार काही लांब नव्हतं. बाबांनी वर केलेला हात तसाच डोक्याला लावला, रुमाल सारखा केल्यासारखा, आणि ते मागं सरले.

नंतर वॉचमन डबा घेऊन आला आणि म्हणाला, "तुमच्या गावचा माणूस." बाबांना ऐकू गेलं होतं. ऐकूनही त्यांनी वॉचमनला तेच सांगितलं, माझं खोटं पडू नये म्हणून. मी तो डबा उघडला, दशम्या वाटल्या आणि दोन मीही खाल्ल्या.

आणि मग तुला विचारलं, कोण आलं होतं गं म्हणून.

तू तेरा वर्षांची आहेस. मी एकोणीस वर्षांची आहे आणि त्याच दिवशी पन्नास जणींसमोर दिवा हातात धरून सेवेची शपथ घेतली होती. तुझं मी माझ्यावर ओढून घेत नाही, पण माझं तू तुझ्यावर घेऊ नकोस. माझ्यापासून ते तुझ्यामुळं लांब राहिले नाहीत.

काल संघमित्राला सगळं सांगितलं. ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "कधी जायचं?" मी येतेय. दिवस सांगत नाही. सांगितला तर बाबा घरीच थांबतील, इस्त्रीचा शर्ट घालून.

ताई


२४ एप्रिल २०२२

ताई,

तू येऊन गेलीस त्याला आता तीन आठवडे होतील. तू गेल्यावर लगेच लिहायचं होतं, पण आधी मला एक गोष्ट करायची होती. ती झाली की लिहीन म्हटलं. ती जशी व्हायला हवी होती तशी झाली नाही.

तू घरी न येता जीपमधून उतरून सरळ बाजारात गेलीस, हे मला राबियानं सांगितलं. ती दुकानाच्या पायरीवर होती. म्हणाली, दोन पोरी आल्या, एक तुझी दीदी. लोक भाजी घेत होते, त्यांच्या मधूनच दीदी आत गेली आणि तिच्या मैत्रिणीला मोठ्यानं म्हणाली, "संघमित्रा, हे माझे बाबा."  बाबा हात रुमालाला पुसत राहिले आणि म्हणाले, "बस बाई, इथं पोत्यावर बस, मातीत नको." मग तू रडलीस आणि वाहेद चाचांनी आतून तीन चहा पाठवले, दुधाचे. हे सांगताना राबियाचेच डोळे भरून आले होते. मी तिला म्हटलं, "राबिया, तुला त्या दिवशी सगळं माहीत होतं ना?" ती म्हणाली, "हाव. पण तूच नाही म्हटलं, तर मी कशी हो म्हणू?"

तेव्हा मी ठरवलं, पुढच्या बाजारी मीही जायचं, राखीला सोबत घेऊन. राखीला मी म्हटलंसुद्धा, तुला एक जण भेटवायचे आहेत. आम्ही निघालो. चौकापर्यंत गेलो. तिथून बाबांचा आवाज यायला लागला आणि मी मागं वळले. राखीला म्हटलं, माझं पोट दुखतंय. घरी आले. म्हटलं, पुढच्या बाजारी नक्की.

पुढचा बाजार आलाच नाही. त्याच आठवड्यात कामावर हजर व्हायचं ठरलं. आई देवापुढं उभी राहिली, बाबांनी खुंटीवरचा शर्ट काढला, गल्लीतले लोक येऊन बाबांच्या पाठीवर हात ठेवून गेले. मी मागं चुलीजवळ बसून रडत होते. आईला वाटलं, पोरगी आनंदानं रडते. संप मिटल्याचं दुःख झालेली अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन, ताई. रात्री मी बाबांना म्हटलंसुद्धा, "अजून एकच बाजार करा ना बाबा, मी येते सोबत." ते हसले. "काऊन वं? तुले का भाजीवाला बाप पाहिजे का आता?"

मी पांघरूण डोक्यावर ओढलं.

परवा शाळा सुटली तेव्हा गाडी उभी होती. सहा महिन्यांनी एसटी, म्हणून सगळी पोरं ओरडत चढली. राखीलाही बुलढाण्याला मावशीकडं जायचं होतं. आत बाबा. खाकी कपडे, हातात तिकिटाचं मशीन, सगळे "कंडक्टर साहेब, कंडक्टर साहेब" करत होते. मला वाटलं, आता हाक मारायला काय लागतं? कोणीही मारील. ते पोत्यावर बसले होते तेव्हा मारली असती तर ती खरी होती.

बाबा आमच्यापर्यंत आले. राखी त्यांच्याकडं पाहतच राहिली. म्हणाली, "निशी, हे तर ते मेथीवाले काका!"

मी म्हटलं, "माझे बाबा आहेत."

राखी हसायला लागली, तिला वाटलं मी गंमत करते. मग तिनं त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी तू का नाही बोललीस?" गाडी गच्च होती, आजूबाजूच्या बायाही ऐकत होत्या.

मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, "मीच बोललो होतो तिले, बाई. बजारात हाक नको मारू म्हणून. मलेच बरं नव्हतं वाटत तसं बसायले."

असं ते मला कधीच बोलले नव्हते, ताई. एवढ्या लोकांत ते माझी लाज स्वतःच्या अंगावर घेत होते, आणि मी नुसती गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं. राखीनं मानही हलवली होती. पटलं होतं तिला.

मी म्हटलं, "बाबांनी नव्हतं सांगितलं. मलेच लाज वाटली होती. त्यांनी ओळखलं म्हून ते मले ताई म्हणाले."

किती मोठ्यानं बोलले ते मला कळलं नाही. पुढच्या सीटवरची एक म्हातारी वळून पाहायला लागली. राखीनं खिडकीकडं तोंड केलं. बाबा मशीन हातात धरून तसेच उभे होते. मागून एक जण तिकीट मागत होता, "एक बुलढाणा, एक बुलढाणा," त्यांना ते ऐकू जात नव्हतं. तिसऱ्यांदा तो ओरडला तेव्हा ते त्याच्याकडं गेले.

आपल्या गावाला मी उतरले. राखीनं हात केला नाही. बाबांनी दोरी ओढली, बेल वाजली आणि दार लावता लावता ते म्हणाले, "घरी जाऊन जेवून घेजो. मले उशीर होईन."

काल शाळेत राखी दुसऱ्या बाकावर बसली. राबिया माझ्याजवळ आली. बाबा त्यावर काही बोललेले नाहीत, आईलाही त्यांनी काही सांगितलेलं दिसत नाही. आज त्यांना सुटी आहे. ते ओट्यावर बसून बूट पुसत आहेत आणि मी आत हे लिहिते आहे. लिहून झालं की बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

निशी